नायकाला बोलता येत नाही तेव्हा

व्हिडिओ गेमचा नायक माणूस असला की निम्मी गोष्ट संवादच सांगून टाकतात: कुठं जायचं, शत्रू कोण, भीती कशाची. नायक प्राणी केला की ही सोय गेली.

'शेल्टर' (२०१३) या स्वीडिश गेममध्ये आपण बॅजर नावाच्या प्राण्याची मादी असतो आणि मागे पाच पिल्लं. कुणी अवाक्षर बोलत नाही. जमिनीतून कंद उपटायचा आणि तो कुठल्या पिल्लापुढे टाकायचा ते आपण ठरवायचं. उपाशी पिल्लाचा रंग उतरत जातो, तेवढीच खूण. वरून शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला की उंच गवतात शिरायचं. एखादं पिल्लू त्यानं उचललंच, तरी गेम थांबत नाही. उरलेली घेऊन पुढं निघायचं. या पिल्लांचे स्वभाव कुणी लिहिलेले नाहीत. तरी थोड्याच वेळात 'हे हावरट, ते रेंगाळणारं' असं आपणच ठरवून मोकळे होतो.

ही मनाची जुनी खोड. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ नुसते इकडेतिकडे फिरताना दाखवले. काय दिसलं, असं विचारल्यावर बहुतेकांनी चक्क कथानक सांगितलं: मोठा त्रिकोण दांडगाई करतोय, बाकीचे दोघे त्याच्यापासून पळतायत. त्रिकोणालाही स्वभाव चिकटवणाऱ्या मेंदूला पिल्लं मिळाली तर विचारायलाच नको! फक्त लेखकानं ती जागा मोकळी सोडायला हवी.

प्राणी झालं की भोवतालही बदलतो. प्रत्येक जीव आपल्या इंद्रियांना जाणवेल तेवढ्याच जगात जगतो, असं जीवशास्त्रज्ञ याकोब फॉन उक्सक्यूल म्हणत. 'स्ट्रे' (२०२२) मध्ये कॅमेरा मांजराच्या उंचीवर असतो. दार बंद असलं तरी खिडकीची कड, पाइप, एसीचा डबा हाच रस्ता. वासाचं मात्र अवघड आहे. पडद्यातून वास येत नाही, म्हणून 'ट्वायलाइट प्रिन्सेस' (२००६) मधल्या लांडग्याला तो रंगीत धुक्यासारखा दिसतो.

आणि इथंच गेमवाल्यांचा धीर सुटतो. लांडग्याच्या पाठीवर मिड्ना नावाची बोलकी सोबतीण बसते, मांजराला यंत्रमानवांचं बोलणं उलगडून सांगणारा ड्रोन मिळतो. माझ्या मते त्या क्षणापासून मांजर निरोप्या होतं: याचं सामान त्याला, त्याची वस्तू ह्याला. ड्रोन येण्याआधीचा भागच खरा मांजराचा.

मेलबर्नच्या हाऊस हाऊस चमूनं 'अनटायटल्ड गूस गेम' (२०१९) मध्ये उलटा डाव टाकला. यातल्या हंसाच्या मनाचा पत्ताच लागत नाही. हाती एक यादी असते: माळ्याला भिजव, त्याच्या किल्ल्या चोर. हंस फक्त कर्कश ओरडतो. चिडणं, धावणं, हताश होणं सगळं माळ्याकडे. म्हणजे गोष्ट त्याची आणि खोड्या आपल्या. ती यादी कुणी लिहिली, हे विचारायला मात्र खेळणाऱ्याला सवड होत नाही.