ब्रिटिश कुटुंबव्यवस्था : इंग्लंड व वेल्स

इंग्लंडमधली एकत्र कुटुंबे कारखान्यांनी मोडली, असा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. केंब्रिजच्या लोकसंख्या-इतिहास गटाने (स्थापना १९६४) गावोगावच्या जुन्या याद्या तपासल्या, तेव्हा सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात घरटी सरासरी माणसे निघाली पावणेपाच, तीही नोकर धरून. मुले-मुली वयात येताना परक्या घरी गडी किंवा मोलकरीण म्हणून राहत, चार पैसे गाठीला बांधत आणि पंचविशीच्या आसपास लग्न करून वेगळे बिऱ्हाड थाटत. बदल झाला तो घराच्या आत.

लग्न लागताच बायकोची रोकड आणि कमाई नवऱ्याची होई. १८७० च्या कायद्याने तिची मजुरी तिच्याकडे राहिली. बाकीची मालमत्ता १८८३ पासून. घटस्फोटासाठी १८५७ पर्यंत पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागे, म्हणजे तो फक्त धनिकांना परवडे. मग न्यायालय आले. पण नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होई, बायकोला मात्र जोडीला क्रौर्य, परित्याग असे काही दाखवावे लागे. ही तफावत १९२३ मध्ये गेली. जोडीदाराला नांदायला भाग पाडण्याचा दावा इंग्रजी कायद्यातूनच हिंदुस्थानात आला. हुकूम मोडल्याबद्दलची कैद इंग्लंडने १८८४ मध्ये काढून टाकली; मुंबईत रखमाबाईंना १८८७ मध्येही ‘नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग’ असे सुनावले गेले. इंग्लंडने पुढे १९७० च्या कायद्याने तो दावाच रद्द केला. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो अजून आहे.

१८६० च्या दशकात लग्न झालेल्यांना सरासरी सहाच्या आसपास मुले होत, १९२० च्या दशकातल्यांना दोनच. गर्भनिरोधक गोळी मिळू लागली १९६१ मध्ये, तेव्हा ही घट तिच्या खात्यावर टाकता येत नाही. १८८० मध्ये शाळा सक्तीची झाली आणि कमावती मुले खर्चाची झाली, हे एक कारण.

आता घटस्फोटाला दोष दाखवावा लागत नाही (एप्रिल २०२२ पासून). लग्नाला वर्ष झाले की अर्ज, २० आठवड्यांनी सशर्त आदेश मागता येतो, त्यानंतर सहा आठवड्यांनी अंतिम. गफलत होते ती इथे: या आदेशाने पैशाची वाटणी होत नाही. तिचा आदेश वेगळा घ्यावा लागतो, नाहीतर माजी जोडीदार पुढे कित्येक वर्षांनीही दावा लावू शकतो.

२०२१ मध्ये ५१.३ टक्के मुले विवाहबाह्य जन्मली. त्यांतल्या बहुतेकांचे आईबाप एकत्रच राहतात. मात्र वर्षानुवर्षे एकत्र राहिले की कायदा नवराबायको मानतो, ही समजूत चुकीची आहे. जोडीदार मृत्युपत्र न करता गेला तर आपोआप काहीच मिळत नाही. निदान शेवटची दोन वर्षे एकत्र काढली असतील तर न्यायालयाकडे दाद मागता येते, तीही वारसा-प्रमाणपत्र निघाल्यापासून सहा महिन्यांत. घर एकाच्याच नावावर असेल तर दुसऱ्याला आपला वाटा पुराव्यानिशी सिद्ध करावा लागतो. म्हणून वकील दोन कागद आधीच करायला सांगतात: मृत्युपत्र आणि घरातल्या हिश्श्यांचा दस्त. स्कॉटलंडचा कायदा वेगळा असून तिथे २००६ पासून अशा जोडीदारांना काही हक्क आहेत.