मिरज जंक्शन कसं घडलं

एप्रिल 2016 मध्ये लातूरची तहान भागवायला पाण्याची पहिली रेल्वे निघाली, ती मिरजेहून. राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात आतून धुऊन घेतलेल्या टाकीच्या दहा वाघिणी, म्हणजे मालडबे, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. कृष्णा जवळ होती हे खरं, पण कृष्णाकाठी गावं पुष्कळ आहेत. मिरजेचं पाणी कुठेही न उतरवता थेट लातूरला पोचलं, त्यामागे सव्वाशे वर्षांचा रुळांचा इतिहास आहे.

या भागात रेल्वे आली तीही दुष्काळामुळेच. 1876 ते 78 च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं अन्नावाचून मेली, कारण धान्य वेळेवर पोचवायला वाटच नव्हती. त्यानंतर 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी निघाली. पुण्याहून मिरज, बेळगाव करत लोंढ्याकडे जाणारा मार्ग तिने त्याच दशकात बांधत नेला. खर्च कमी म्हणून मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. 1888 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या फाट्याची पायाभरणी केली आणि 1891 मध्ये कोल्हापूरची गाडी मिरजेला येऊन मिळाली. मिरज जंक्शन झालं ते तेव्हा.

सांगली मात्र बाजूला राहिली. पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी, हळद-गुळाची पेठ, आणि मुख्य रेल्वे शेजारून निघून जायची! शेवटी संस्थानानं स्वतःच्या पैशानं मिरजेपर्यंत जेमतेम पाच मैलांचा फाटा टाकला. तो 1907 मध्ये सुरू झाला. आज सांगलीत सभा गाजतात त्या स्टेशन चौकाचं नाव त्याच जुन्या स्टेशनावरून पडलं. रेल्वेमुळे माळावरही गावं उभी राहिली. बेळगाव सोडावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कारखाना मांडला तो याच मार्गावरच्या कुंडल रोड स्टेशनजवळ. त्या स्टेशनाला आज आपण किर्लोस्करवाडी म्हणतो.

तिसरी गाडी आली पूर्वेकडून. बार्शी लाईट ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची अडीच फुटी नॅरोगेज. 1897 मध्ये बार्शीपासून सुरू झालेली ही लाईन 1906 ला पंढरपूरला, 1911 ला लातूरला आणि 1927 ला मिरजेला पोचली. सांगली-कोल्हापूरकडच्या वारकऱ्याला आषाढीला थेट पंढरपूर गाठून देणारी हीच गाडी. डबे लहान, वेग बेताचा, पण पाऊस कमी पडणाऱ्या जत, सांगोल्याच्या पट्ट्याला तिचाच आधार होता. मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात कर्नाटकातून आणि सोलापूरकडून रोगी येत राहिले, त्यातही या फलाटांचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. 1894 पासूनचा हा दवाखाना तीन दिशांच्या गाड्यांच्या तोंडाशी होता.

1971 पर्यंत मुंबईला जायचं तर पुण्याला उतरून गाडी बदलावी लागे, कारण पुढं ब्रॉडगेज, म्हणजे जास्त रुंद मापाचे रूळ होते आणि मीटरगेजची गाडी त्यावर चालत नसे. त्या साली पुणे-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, मुख्य लाईन सांगलीतून गेली, आणि गाडी बदलायची जागा पुण्याहून मिरजेला सरकली. इथून पुढची वीस-पंचवीस वर्षं मला या स्टेशनाच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची वाटतात. ब्रॉड, मीटर आणि नॅरो, म्हणजे 1676, 1000 आणि 762 मिलिमीटर, असे तिन्ही मापांचे रूळ एकाच स्टेशनात. बंगळूरकडून आलेला माल मीटरगेजच्या वाघिणीतून काढायचा आणि शेजारच्या ब्रॉडगेजच्या वाघिणीत भरायचा. एका दारातून पोतं पाठीवर घ्यायचं, मधला धक्का ओलांडायचा, दुसऱ्या दारात थप्पी लावायची. अख्खी मालगाडी अशी हातानं रिकामी व्हायची. त्यात वेळ जायचा, पोती फुटायची, भाड्यावर हमाली चढायची. प्रवाशांचंही तेच, ट्रंका, वळकट्या आणि पोरं सांभाळत जिने चढायचे. पण या अडचणीवरच शेकडो घरांच्या चुली पेटत होत्या, हे रेल्वेच्या इतिहासात क्वचितच लिहिलं जातं.

नव्वदच्या दशकात बंगळूरचा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि मीटरगेज संपलं. 1954 मध्ये सरकारनं विकत घेतलेली बार्शी लाईट टप्प्याटप्प्यानं रुंद होत गेली. पंढरपूर-मिरज हा टप्पा 2010 च्या सुमारास पुरा झाला. नॅरोगेजच राहिली असती तर 2016 ची ती जड गाडी मिरजेच्या पुढं सरकलीच नसती. पाणी गेलं ते मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर असं, म्हणजे कॅलथ्रॉपच्याच वाटेनं.