गोंगाट-प्रेरित समकालन

जोडलेल्या वा सुट्या चेतापेशींच्या गणिती प्रतिमानांत अनियमित संकेतामुळे (म्हणजेच ‘गोंगाटा’मुळे) पेशींचे स्पंद, म्हणजे क्षणिक विद्युत-ठोके, एकाच वेळी उमटू लागणे. यालाच ‘रव-प्रेरित समकालन’ असेही म्हणतात. आधार बहुधा फिट्झह्यू–नागुमो प्रतिमानाचा (१९६१–६२) असतो. चेतापेशीत स्पंद कसा उमटतो हे सांगणाऱ्या हॉजकिन–हक्सली समीकरणांचे (१९५२) हे सुटसुटीत रूप.

थोडा गोंगाट पेशीला स्पंद उमटण्याच्या उंबरठ्यापलीकडे ढकलतो. स्पंदानंतरचा विसावा मात्र जवळपास ठरीव असतो. गोंगाट फार कमी असला तर पुढचा स्पंद केव्हा येईल याचा नेम नसतो, फार वाढला तर विसावाही विसकटतो. मधल्या तीव्रतेला स्पंद सर्वांत नियमित येतात. पिकोव्स्की व कुर्थ्स यांनी १९९७ मध्ये यास ‘सुसंगती अनुस्पंदन’ म्हटले. तत्सम परिणाम १९९३ मध्येच मांडला गेला होता. तरी यंत्रणेची उकल १९९७ च्या लेखात अधिक स्वच्छ आहे.

खरा वाद सामाईक गोंगाटाचा, म्हणजे सर्व पेशींना मिळणाऱ्या एकाच गोंगाटाचा. घुमट या मातीच्या चर्मवाद्यावर होणाऱ्या घुमट-आरतीचा दाखला गोव्यात चटकन सुचेल, पण तो अपुरा आहे, कारण घुमटवाले कासाळ्यांच्या (मोठ्या झांजांच्या) ठरलेल्या ठेक्यावर जमतात. त्यापेक्षा चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) रात्री शेजारच्या दोन घरांतले घुमटवाले घ्यावेत. एकाचे वाजवणे दुसऱ्याला ऐकू येत नाही. बाहेर अवेळी फटाका फुटतो, दोघांचेही हात त्याच क्षणी अडखळतात आणि दोघेही तिथूनच पुन्हा सुरुवात करतात. मॅरिटन व बनवार यांनी १९९४ मध्ये गोंधळी प्रणालीही (सुरुवातीच्या सूक्ष्म फरकाने वाट पार बदलणाऱ्या) एकाच गोंगाटाने एकरूप होतात असा दावा केला. पिकोव्स्की यांनी त्याच वर्षी दाखवले की लॉजिस्टिक चित्रण या साध्या गोंधळी सूत्रातील ही एकरूपता संगणकाच्या मर्यादित दशांशस्थळांतून आलेली असून ल्यापुनोव्ह घातांक (जवळच्या दोन अवस्था दुरावण्याचा वेग; धन असल्यास दुरावतात, ऋण असल्यास जवळ येतात) धनच राहतो. पुढे गोंगाटाची सरासरी शून्य नसल्याचा, म्हणजे त्यात एकाच दिशेचा रेटाही असल्याचा, मुद्दाही निघाला. हे आक्षेप ग्राह्य वाटतात. नियमित आवर्तने करणाऱ्या पेशींना ते लागू नाहीत. तेथे सौम्य सामाईक गोंगाटाने घातांक ऋण होतो. मेनेन व सेज्नोव्स्की यांच्या १९९५ च्या प्रयोगात उंदराच्या मेंदूतील पेशींना स्थिर प्रवाह दिला असता स्पंदांच्या वेळा दर खेपेस घसरत. तोच चढउताराचा प्रवाह पुन्हा दिला की जवळपास त्याच मिलिसेकंदाला उमटत.

प्रत्येक पेशीला स्वतंत्र गोंगाट मिळाल्यास मेळ सहसा मोडतो.

असा गोंगाट लंबरूप (परस्परांशी असंबद्ध) घटकांच्या बेरजेत मांडण्याची पद्धत कार्हुनेन व लोएव्ह यांच्या नावे चालते. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दा. ध. कोसंबी (१९०७–६६) यांनी ती १९४३ मध्येच प्रसिद्ध केली होती. त्यामुळे ‘कोसंबी–कार्हुनेन–लोएव्ह’ हे नाव अधिक रास्त.