रिपोर्टमध्ये ‘हर्पिस’ आलंय? घरी जाण्याआधी एवढं वाचा

पाकीट उघडून लोक रिपोर्ट वाचतात, चार घड्या घालून खिशात टाकतात आणि जिन्यापर्यंत जाऊन परत येतात. मग काउंटरवर दबक्या आवाजात विचारतात, “हे कधी लागलं असेल हो?” खरा प्रश्न वेगळाच असतो : कुणाकडून? कारण इथे बोलतोय ते गुप्तांगाच्या, शरीरसंबंधातून लागणाऱ्या हर्पिसबद्दल. आमची लॅब लहान आहे, रक्त घेणारे आणि रिपोर्ट हातात देणारेही आम्हीच. हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की शेवटी पत्रकच छापलं.

उत्तर आधी देऊन टाकतो. कधी आणि कुणाकडून, हे रिपोर्टवरून कळत नाही. आम्हाला नाही, डॉक्टरांनाही नाही.

कारण या विषाणूची चालच तशी आहे. एकदा शिरला की तो कण्याच्या खालच्या भागाजवळ मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन बसतो आणि तिथे वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. काहींना संसर्गानंतर २ ते १२ दिवसांत फोड येतात. पण बहुतेकांना काहीच होत नाही, किंवा इतकं थोडं होतं की घामोळं, घासलं गेलं, असं वाटून विसरलं जातं. आज दिसलेला पहिला फोड गेल्या महिन्यातला असू शकतो, तसाच लग्नाआधीच्या काळातलाही. तेव्हा हा कागद पुरावा म्हणून जोडीदारासमोर आपटू नका. त्यात तेवढा दम नाही.

कागदावरची अक्षरं

ताज्या फोडातलं पाणी घेऊन केलेली पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी सगळ्यात भरवशाची. खपली धरल्यावर नमुना घेतला तर विषाणू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून फोड आला की वाट बघत बसू नका.

रक्तातली आयजीजी (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली, टिकून राहणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह म्हणजे शरीराची या विषाणूशी गाठ पडून काही आठवडे तरी झालेत. ताज्या संसर्गात ती निगेटिव्ह येऊ शकते. प्रतिपिंडं तयार व्हायला १२ आठवड्यांपर्यंत, क्वचित त्याहून जास्त लागू शकतात. हर्पिसचे दोन प्रकार : टाइप १ बहुधा ओठाचा, पण खालीही होतो; टाइप २ बहुधा खालचाच. टाइप १ पॉझिटिव्ह असेल तर संसर्ग ओठाचा की खालचा, हे रक्त सांगत नाही. टाइप २ चा आकडा जेमतेम पॉझिटिव्ह, म्हणजे साधारण १.१ ते ३ च्या मध्ये असेल, तर तो खोटा पॉझिटिव्हही असू शकतो. दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्याशिवाय त्यावर झोप उडवू नका.

आयजीएम या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या तपासणीबद्दल स्पष्टच बोलतो, पैसे आम्हालाच मिळणार असले तरी. ती पॉझिटिव्ह म्हणजे लागण नवी, असा समज आहे. हर्पिसमध्ये तो चुकीचा आहे, कारण जुना आजार उलटला तरी ती पॉझिटिव्ह येते. स्वतःहून मागाल तर आम्ही नकोच म्हणू. एकदा खात्रीने पॉझिटिव्ह आलेली आयजीजी ‘गेला का बघू’ म्हणून पुन्हा करण्यातही अर्थ नाही. ती पॉझिटिव्हच राहते.

नागीण नव्हे

नागिणीलाही डॉक्टर हर्पिसच म्हणतात, पण तो कांजिण्यांच्या विषाणूचा आजार, घराणं एक असलं तरी वेगळा. घरी “नागीण झालीय” सांगून वेळ मारून नेणारे आम्ही पाहिलेत. वेळ निभावते, पण जोडीदाराला सावध राहायचं कळत नाही.

पहिले दोन-तीन आठवडे

पहिला उठाव, म्हणजे फोड येण्याची पहिली खेप, सहसा सगळ्यात त्रासाचा. ताप, जांघेत गाठी, आणि लघवी करताना जीव नकोसा करणारी आग. त्या भीतीने लोक पाणी कमी पितात, मग लघवी आणखी दाट होते आणि जास्तच झोंबते. उलट भरपूर प्या. लघवी करताना मगाने कोमट पाणी त्या जागी ओतत राहा, आग बरीच कमी होते. कपडे सुती आणि सैल घाला. फोडांना हात लागला तर लगेच धुवा, तोच हात डोळ्याला लागता कामा नये. लघवी अडली, किंवा डोकं भयंकर दुखून मान ताठली, तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

घरातली गजकर्णाची ट्यूब लावू नका. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं आणि त्याने हे चिघळतं. औषध म्हणजे गोळ्या : असायक्लोव्हिर किंवा तिच्या जातीच्या. फोड दिसताच, किंवा पुढच्या खेपेला नुसती मुंग्या-चुणचुण सुरू होताच घेतल्या तर जास्त उपयोगी. त्या उठाव आटोक्यात आणतात, विषाणू काढून टाकत नाहीत. ‘मुळापासून बरा करतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. पुढचे उठाव सहसा सौम्य आणि वर्षागणिक कमी होत जातात.

जोडीदाराला सांगताना

फोड नसतानाही लागण होऊ शकते. म्हणून चुणचुणीपासून खपली पडून कातडी बरी होईपर्यंत संबंध नकोत, एरवी कंडोम. तो धोका कमी करतो, पण सगळी जागा झाकत नाही. ज्यांना टाइप २ आहे, त्यांनी रोज गोळी घेतल्यास जोडीदाराला लागण होण्याचा धोका जवळपास निम्मा होतो. तुमच्यासाठी ती योग्य का, हे डॉक्टर ठरवतील. टॉवेल, संडासाची सीट, एकत्र जेवण, यांची धास्ती सोडा.

एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी मात्र करून घ्या. टाइप २ असताना एचआयव्हीची लागण सोपी होते.

गरोदर असाल तर डॉक्टरांना हे नक्की सांगा. खरा धोका शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला असतो. आजार जुना असेल तर तो फार कमी. प्रसूतीच्या वेळी फोड असले तर डॉक्टर सिझेरियन सुचवतात.

“मूल होईल ना?” होईल. याने वंध्यत्व येत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी जोडला जातो तो एचपीव्ही नावाचा वेगळा विषाणू, हा नव्हे. आणि ‘माझ्यासारखं कोण असणार’ म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने १५ ते ४९ वयातल्या सुमारे ५२ कोटी लोकांत टाइप २ आहे. त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही.

रिपोर्ट समजून घ्यायचा असेल तर काउंटरवर आजाराचं नाव घ्यायची गरज नाही. “आत बोलायचंय” एवढंच म्हणा, आम्ही आतल्या खोलीत बसवू. जोडीदाराला बरोबर आणायचं असेल तरी चालेल.