त्रुटिसुधारक स्मृती (ईसीसी मेमरी)

साठवलेल्या माहितीतील एखादा बिट पालटला, म्हणजे ० चा १ किंवा १ चा ० झाला, तर तो हेरून वाचतेवेळीच दुरुस्त करणारी संगणकीय स्मृती. सर्व्हरमध्ये ती नेहमीची आहे. घरगुती संगणकातील रॅमच्या पट्टीवर एका बाजूला बहुधा आठ चिप असतात, सर्व्हरच्या पट्टीवर नऊ. ६४ बिटांमागे लागणारे ८ तपासणी बिट या नवव्या चिपमध्ये राहतात.

उगम : याआधीची पॅरिटी पद्धत (एक जादा बिट ठेवून एकांची संख्या सम की विषम एवढेच पाहणारी) चूक झाल्याचे सांगे, पण कोठे झाली ते सांगत नसे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांना शनिवार-रविवारी रिले संगणक (विद्युत्‌चुंबकीय खटक्यांवर चालणारा) मिळे. चूक आढळली की यंत्र चालू काम टाकून पुढचे हाती घेई आणि सोमवारी उत्तर नसे. चूक यंत्राला कळते, तर जागा का कळू नये, या प्रश्नातून आपला चूक सुधारणारा संकेत (कोड) निघाला असे त्यांनी पुढे सांगितले. ही हकिगत १९४७ च्या सुमाराची मानतात.

अग्रक्रमाबद्दल मतभेद आहेत. हॅमिंग यांचा निबंध एप्रिल १९५० मध्ये आला. मार्सेल गोले यांचे जेमतेम एक पानी टिपण १९४९ मध्येच छापून झाले होते आणि त्यात अधिक व्यापक संकेत होते. म्हणून काही जण श्रेय गोले यांना देतात. मात्र माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या निबंधात सात बिटांचा संकेत हॅमिंग यांच्या नावानिशी आला आहे. त्यामुळे मूळ कल्पना हॅमिंग यांची व विस्तार गोले यांचा असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

कार्यपद्धती : १०११ हे चार बिट साठवायचे आहेत. ते ३, ५, ६, ७ या स्थानी ठेवतात आणि १, २, ४ ही स्थाने तपासणीसाठी राखतात. पहिला तपासणी बिट १, ३, ५, ७ या स्थानांवरील एकांची संख्या सम ठेवतो, दुसरा २, ३, ६, ७ वरील आणि तिसरा ४, ५, ६, ७ वरील. संकेत होतो ०११००११. सहावा बिट पालटून ०११०००१ झाला, तर पहिला गट जुळतो, उरलेले दोन जुळत नाहीत. न जुळलेल्या गटांच्या तपासणी बिटांची स्थाने २ व ४, बेरीज ६. चुकीचे स्थान तेच!

६४ बिटांतील एक चूक सुधारण्यास ७ तपासणी बिट पुरतात; आठवा दोन चुका ओळखण्यासाठी असतो. त्या दोन मात्र सुधारता येत नाहीत. आयबीएमच्या स्ट्रेच संगणकात (१९६१) ६४ अधिक ८ ही रचना होती. १९७० मध्ये आयबीएमच्या स्याव यांनी कमी मंडलांत (सर्किटांत) बसणारा संकेत मांडला आणि पुढे तो रूढ झाला.

चुकांची कारणे : १९७८-७९ मध्ये इंटेलच्या मे व वुड्स यांनी चिपच्या वेष्टनातील युरेनियम-थोरियमच्या अंशांतून निघणारे आल्फा कण हे कारण दाखवले. १९७९ मध्ये झिगलर व लॅनफर्ड यांनी अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांकडे लक्ष वेधले. समुद्रसपाटीपासून सु. २,२०० मी. उंचीवरील अमेरिकेतील लॉस अ‍ॅलॅमॉस येथे १९७६ मध्ये बसवलेल्या पहिल्या क्रे-१ या महासंगणकामध्ये केवळ पॅरिटी होती. सहा महिन्यांत स्मृतीच्या १५२ चुका नोंदल्या गेल्या. त्यांचे कारण विश्वकिरणांमुळे वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रॉन असावेत, असा निष्कर्ष बऱ्याच वर्षांनी निघाला. बेल्जियममधील स्खारबेक येथे २००३ च्या निवडणुकीत इलेक्ट्रॉनिक मतदानात एका उमेदवाराला ४,०९६ मते जादा नोंदली गेली. हा आकडा २ चा बारावा घात असल्याने बिट पालटला हे पटते; तो विश्वकिरणांनीच पालटला हे सिद्ध झालेले नाही. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या व त्यांत किरणांपेक्षा खुद्द चिपमधील दोषांचा वाटा मोठा दिसला. विश्वकिरणांना मिळालेली प्रसिद्धी काहीशी अवाजवी म्हणावी लागते.

नंतरचे प्रकार : आयबीएमची चिपकिल पद्धत अख्खी चिप निकामी झाली तरी माहिती वाचवते. डीडीआर५ या रॅमच्या नव्या पिढीमध्ये चिपच्या आतच १२८ बिटांमागे ८ तपासणी बिट असतात. मात्र चिप ते प्रोसेसर या वाटेवरील चुका त्याने पकडल्या जात नाहीत, म्हणून केवळ त्यावरून त्या पट्टीला ईसीसी म्हणू नये.