काळा धूर, निळा धूर आणि विकायला काढलेली जुनी डिझेल गाडी

गोव्यात जुनी डिझेल गाडी विकायला काढली की तिची किंमत आधी सायलेन्सरवर ठरते. धूर दिसला की शेजारी, दलाल, कधीकधी मेकॅनिकसुद्धा एकच निकाल देतो: इंजिन गेलं, मिळेल त्या भावाला देऊन टाका. मग चांगल्या इंजिनाची स्विफ्ट किंवा व्हिस्टा भंगाराच्या भावात जाते. उलट खरोखर थकलेल्या इंजिनाची गाडी ‘कालच पीयूसी काढलंय’ एवढ्या आधारावर चढ्या भावात खपते. दोन्ही वेळा कुणीतरी साधा माणूस नाडला जातो. धुराचा रंग नीट पाहिला असता तर हे टळलं असतं.

काळा धूर तुमच्या ओळखीचा आहे. डिझेल जास्त, हवा कमी, म्हणून अर्धवट जळालेला कार्बन बाहेर येतो. चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना, गाडी भरलेली असताना तो जास्त दिसतो. कारणं बहुतेक वेळा इंजिनाच्या बाहेरच सापडतात: चोंदलेला एअर फिल्टर, इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा फाटलेला होज, काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), डिझेल फवारणारा पण ठिबकू लागलेला नोझल. डिचोली, साखळी, उसगाव पट्ट्यात लाल धुळीतून रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर तर आधी काढून बघावा. तो काहीशे रुपयांचा असतो. होज आणि ईजीआरची सफाईही आवाक्यातली. नोझलचं काम महाग पडतं, पण त्यासाठीसुद्धा इंजिन खोलावं लागत नाही.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय. घोटाळा इथेच होतो, आणि तो पीयूसीमुळे वाढतो. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर झटक्यात दाबतात आणि धुरामुळे प्रकाश किती अडतो ते यंत्र मोजतं. यंत्राच्या मापात बीएस-४ या प्रदूषण-निकषाच्या आधीच्या गाडीला मर्यादा २.४५, बीएस-४ ला १.६२. म्हणजे मोजली जाते ती धुराची घनता. यंत्राला रंग कळत नाही, कारण तर नाहीच नाही. काजळी प्रकाश भरपूर अडवते, म्हणून फक्त फिल्टर चोंदलेली गाडी नापास होऊ शकते. ऑईल पिणारी गाडी मात्र गरम इंजिनावर, ओझं नसताना, बऱ्याचदा आरामात पास होते. स्वस्तातला दोष नापास आणि महागातला पास, असा हा उलटा निकाल आहे. पीयूसी कायद्यासाठी लागतं, ते जरूर काढा. पण ते इंजिनाच्या तब्येतीचा दाखला म्हणून पुढे करणाऱ्यावर आणि त्यावर विश्वास ठेवून पैसे मोजणाऱ्यावर, दोघांवरही मला राग येतो.

आता निळा धूर दिसला म्हणजे ‘रिंगा गेल्या’, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या झिजल्या, असंही लगेच म्हणू नका. आधी ऑईलची पट्टी बघा. वरच्या खुणेच्याही वर ऑईल भरलेलं असेल तर जादाचं ऑईल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, हवेच्या वाटेवर जातं आणि जळतं. ते काढून टाकलं की काम झालं. ब्रीदर चोंदला असेल तरी असाच धूर येतो.

तिथे काही सापडलं नाही, तर धूर कधी येतो ते पाहा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर निळा भपका आला आणि मग थांबला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. रात्री ऑईल तिथून झिरपून खाली उतरतं. ट्रॅफिकमध्ये बराच वेळ आयडलवर थांबून मग ॲक्सिलरेटर दिला आणि मागे निळा ढग उठला, तर टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचं, सील तपासा. इंटरकूलरचा पाइप सोडवून बघा. आत ऑईलचा हलका थर चालतो, साचलेलं ऑईल चालत नाही. अशी गाडी गिऱ्हाइकाला फिरवून दाखवायला नेऊच नका. टर्बोतून भरपूर ऑईल आत गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑईलवर पळत सुटतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. तो धोका खरा आहे.

रिंगांचा धूर मात्र चढावर, ओझ्याखाली, सतत येत राहतो आणि पट्टीवरचं ऑईल आठवड्या-आठवड्याला उतरतं. इंजिन चालू असताना ऑईलचं झाकण जपून सैल करा, ऑईल अंगावर उडू शकतं. थोडा वारा जुन्या डिझेलला असतोच. भकाभका धूर बाहेर फेकला जात असेल, झाकण उडू बघत असेल, तर तेच ते बॅक कंप्रेशन, म्हणजे झिजलेल्या रिंगांमधून दाब खाली निसटणं. मग सिलिंडरमधला दाब मोजणारी कंप्रेशन टेस्ट करून घ्या आणि आकडे लिहून ठेवा. इथे इंजिन खोलावं लागतं आणि खर्च पाच आकड्यांत जातो.

विकण्याआधी काय करावं, यावर माझं मत पक्कं आहे. काळा धूर दुरुस्त करूनच गाडी दाखवा. थोड्या खर्चात किंमत सावरते. टर्बोचा किंवा रिंगांचा निळा धूर असेल तर दुरुस्ती करू नका, सांगून विका. जुन्या गाडीत हाफ इंजिनाला, म्हणजे इंजिन खोलून रिंगा वगैरे बदलण्याला, घातलेले पैसे किमतीत परत मिळत नाहीत, आणि घेणाऱ्याला ते काम आपल्या भरवशाच्या मेकॅनिककडून करून घ्यायचं असतं. त्याच्या मेकॅनिकचा अंदाज घ्या, तेवढी रक्कम किमतीतून कमी करा. घट्ट ऑईल किंवा डब्यातलं औषध ओतून चार दिवस धूर दाबणं ही फसवणूक आहे. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवणं हीसुद्धा फसवणूकच, कारण सकाळचा भपका त्याने लपतो. घेणार असाल तर बोनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या.

पांढऱ्या धुराचं थोडक्यात: कच्च्या डिझेलचा वास असेल तर आधी ग्लो प्लग, कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट.

आणि ‘दहा वर्षं झाली, आता डिझेल गाडी कोण घेणार’ हे कुणी म्हणालं तर भाव पाडू नका. दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद करण्याचा तो नियम दिल्ली आणि आसपासच्या परिसरासाठीचा. गोव्यात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. सौदा झाला की मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून, तारीख घालूनच सह्या करा, कोऱ्या फॉर्मवर नको. धुराबद्दल जे सांगितलंत ते विक्रीच्या कागदावर एका ओळीत लिहा: ‘इंजिन ऑईल जळते, खरेदीदारास माहीत आहे.’ त्याखाली दोघांची सही घ्या.