एअर फ्रायर: नाव तळणीचे, काम भट्टीचे

एअर फ्रायरमध्ये काहीही तळले जात नाही. वर तापणारी कॉइल, तिच्यामागे पंखा, खाली जाळीची टोपली. एवढाच त्याचा संसार. वेगवान हवेची ही छोटी भट्टी ‘फ्रायर’ म्हणून विकली गेली आणि वापरातल्या बऱ्याच चुका त्या नावातूनच आल्या.

भट्टीला पंखा जोडण्याची गरज विमानात भासली. 1940 च्या दशकात अमेरिकेतील विल्यम मॅक्सन यांनी लांब पल्ल्याच्या लष्करी विमानांसाठी गोठवलेल्या जेवणाची ताटे तयार केली आणि ती गरम करायला ‘व्हर्लविंड’ ही पंख्याची भट्टी. अन्नाभोवती थंड, दमट हवेचा पातळ थर चिकटून राहतो. पंख्याने तो उडवला की उष्णता पटकन पोचते. पुढे हे तंत्र बेकऱ्यांत, हॉटेलांत आणि घरच्या ओव्हनमध्ये रुळले. ओव्हनमधले बटाट्याचे चिप्स (फ्रेंच फ्राइज) मात्र मऊच पडत. नेदरलँड्सच्या फ्रेड व्हॅन डर वेइ यांनी नेमके तेच दुखणे हाती घेतले आणि जागा लहान करून हवा जोरात खेळवली. फिलिप्सने 2010 मध्ये बर्लिनच्या आयएफए या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात ‘एअरफ्रायर’ सादर केला. नाव खपायला झकास होते.

आता त्या नावाने काय घोटाळा होतो ते पाहा. 175-180 अंश सेल्सिअसचे तेल पदार्थाला चहूकडून भिडते आणि हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता देते. म्हणून पातळ पिठात बुडवलेला तुकडा तेलात पडताच त्याचे आवरण आवळते. इथे तेच पीठ जाळीतून गळते. ब्रेडचा चुरा लावून वर थोडे तेल चोळले तर जमते. टोपली गच्च भरली की हवेची वाट अडते, वाफ कोंडते आणि पदार्थ भाजण्याऐवजी वाफवला जातो. कुरकुरीत न होण्याचे कारण बहुतेकदा हेच असते, यंत्रातला दोष नव्हे.

चिप्ससाठी 500 ग्रॅम बटाट्याच्या 1 सेंमी जाडीच्या काड्या अर्धा तास पाण्यात ठेवाव्यात, फडक्याने पूर्ण कोरड्या कराव्यात आणि एक मोठा चमचा तेल चोळावे. टोपली निम्म्याहून जास्त भरू नये. आधी 160 अंशांवर 12 मिनिटे, मग हलवून 190 अंशांवर 8-10 मिनिटे. मीठ शेवटी. भिजवण्यामागे आरोग्याचेही कारण आहे. पिष्टमय पदार्थ खूप तापल्यावर त्यांत ॲक्रिलामाइड हे कर्करोगाचा संशय असलेले रसायन तयार होते, हे 2002 मध्ये स्वीडनमधून जाहीर झाले. भिजवल्याने बटाट्यातली काही साखर निघून जाते आणि ते कमी बनते. तेल कमी लागले म्हणून हा प्रश्न सुटत नाही. रंग सोनेरी झाला की थांबायचे, तपकिरी होऊ द्यायचे नाही.

टोपलीत किंवा खालच्या भांड्यात तेल ओतणे म्हणजे आगीला आमंत्रण. चरबीयुक्त मांस भाजताना पांढरा धूर आला तर यंत्र थांबवून साठलेली चरबी काढून टाकावी. बेकिंग पेपर रिकाम्या टोपलीत घालून आधी तापवू नये. तो उडून कॉइलला चिकटतो आणि पेटतो. कोंबडीचा तुकडा बाहेरून लवकर रंगतो, म्हणून सर्वांत जाड भागात 74 अंश तापमान भरले आहे ना, हे थर्मामीटरने पाहावे. नॉनस्टिक थराला साधारण 200 अंशांचे भय नाही. तो 260 च्या पुढे विघटन पावू लागतो. त्याचा खरा शत्रू म्हणजे तारेची घासणी.

मागे व बाजूंना 10 सेंमी मोकळी जागा हवी, कारण गरम हवा मागून बाहेर पडते. बहुतेक यंत्रे 1400-1700 वॅट ओढतात, तेव्हा एक्स्टेंशन बोर्ड नको. अमेरिकेत 2023 मध्ये कोसोरी कंपनीने सुमारे 20 लाख एअर फ्रायर परत मागवले, कारण आतल्या वायरींचे जोड तापून आगीचा धोका होता. असा दोष बाहेरून दिसत नाही. जळका वास आला किंवा प्लग हाताला गरम लागला, तर नुसते यंत्राचे बटण दाबून भागत नाही; भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग काढावा आणि तपासून घेईपर्यंत पुन्हा लावू नये.